चांदण्यातला तिसरा तारा

वेधशाळेच्या रात्री कशा वाटल्या जातात हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. लोकांना वाटतं, खगोलशास्त्रज्ञ मनात येईल तेव्हा दुर्बिणीला डोळा लावून बसतो. प्रत्यक्षात अर्ज करायचा असतो, मग समिती बसते, आणि कुणाला कुठल्या रात्री हे ठरतं. मोठ्या संस्थांना अमावास्येच्या आगेमागेच्या काळ्याकुट्ट रात्री मिळतात. उरलेलं, म्हणजे पौर्णिमेच्या आसपासचं दुधाळ आकाश, आमच्यासारख्यांना. मी धारवाडला संशोधन करत होते त्या सगळ्या वर्षांत आमच्या विभागाला एकही काळोखी रात्र मिळाली नाही. मला त्याचा राग यायचा. माझे मार्गदर्शक, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, ते मात्र शांत असायचे. मिळतंय ते घ्यावं, नाहीतर तेही जाईल, असं त्यांचं म्हणणं.

हे आधी सांगितलं, कारण आमच्या क्षेत्रातली जी चार माणसं मला ओळखतात, ती चंद्राच्या उजेडाला तारा समजलेली बाई म्हणूनच ओळखतात. ती चूक माझी नव्हती. ती मीच पकडली होती, आणि लेख छापायच्या आधी पकडली होती. हे सिद्ध करायला माझ्याकडे चिठोरंही नाही, आणि ते का नाही याची गोष्ट सांगायला मी बसले आहे.

आमचा तारा साध्या डोळ्यांना दिसणारा नव्हता. खरं तर तो एक नव्हताच, दोन होते. एक पांढरा, तेजस्वी. दुसरा फुगलेला, तांबूस, मंद. दोघं एकमेकांभोवती इतक्या जवळून फिरतात की मोठ्या दुर्बिणीतूनही एकच ठिपका दिसतो. दर काही दिवसांनी मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढ्यात येतो आणि ठिपका तासभर काळवंडतो. ग्रहणच ते. पण ग्रहणावरून एवढंच कळतं की मध्ये कुणीतरी आलं. कोण आलं, किती वजनाचं आलं, हे समजायला त्या ठिपक्याचा उजेड फोडून त्याचा पट्टा करावा लागतो. पट्ट्यात बारीक काळ्या रेषा असतात. तारा आपल्याकडे येत असला की त्या निळ्या बाजूला सरकतात, लांब जात असला की तांबड्या बाजूला. किती सरकल्या हे मोजलं की वेग निघतो, आणि दोघांच्या वेगांवरून दोघांची वजनं. तेजस्वी ताऱ्याच्या रेषा ठसठशीत दिसतात. मंद ताऱ्याच्या रेषा त्यांच्याखाली दबून गेलेल्या असतात. त्या दबलेल्या रेषा शोधणं हे माझं काम होतं.

सर शिकवायचे उत्तम. ते मी कधी नाकारलं नाही, आजही नाकारणार नाही. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला संगणकाला हात लावू दिला नाही. वर्णपट कागदावर छापून दिले, पट्टी आणि पेन्सिल दिली आणि एकेक रेष हातानं मोजायला लावली. मी मनातल्या मनात चरफडत मोजायची. पण त्या पंधरा दिवसांनी माझे डोळे तयार झाले. खरी रेष कुठली आणि यंत्राची खोड कुठली हे मला नजरेनं कळायला लागलं. पुढे जे काही झालं ते त्यांनीच तयार केलेल्या डोळ्यांमुळे झालं, असं म्हटलं तर खोटं नाही.

मी रायापूरहून बसनं यायची. दहाच्या ठोक्याला विभागात, दुपारचं जेवण सरांच्या घरी. घर चालत दहा मिनिटांवर. काकू, म्हणजे सरांची बायको, जेवतेस का म्हणून कधी विचारायच्या नाहीत, पान वाढूनच हाक मारायच्या. भाकरीबरोबर झुणका असला की मला आवडतो म्हणून वाटीभर जास्त. सर आल्यागेल्याला सांगायचे, ही आमच्या घरचीच पोरगी. मला ते फार बरं वाटायचं. घरच्या पोरीनं उलट बोलायचं नसतं, हा त्यातला भाग तेव्हा ध्यानात आला नाही.

आमच्या विभागाची आणखी एक रीत होती. सरांना कुणी लिहून काही कळवत नसे. शेजारच्या खोलीत बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाला मेल पाठवणं म्हणजे अगाऊपणा. काही सांगायचं तर दारात उभं राहायचं, येऊ का म्हणून विचारायचं, कागद टेबलावर ठेवायचा आणि उभ्यानं सांगायचं. चूक दाखवायची असली तर आधी दार लोटून घ्यायचं, म्हणजे बाहेरच्या शिपायाच्या कानावर जायला नको. मला ही रीत योग्यच वाटायची. माझ्या अप्पांनी सरकारी कचेरीत साहेबांपुढे असंच उभं राहून सगळी नोकरी काढली होती, आणि घरी आम्हाला तेच शिकवलं होतं.

पहिल्या हिवाळ्याच्या नोंदी हातात आल्या आणि मी रेषा शोधायला बसले. पद्धत अशी की सूर्यासारख्या ताऱ्याच्या रेषांचा एक नमुना घ्यायचा आणि आपल्या वर्णपटावर तो थोडा थोडा सरकवत न्यायचा. जिथे रेषांवर रेषा बसतात तिथे आलेखात टेकाड उठतं. मंद ताऱ्याचं टेकाड मला महिन्याभरात सापडलं. ते ग्रहणाच्या वेळापत्रकाप्रमाणे इमानेइतबारे इकडून तिकडे हलत होतं. त्या दिवशी मी बसमध्ये एकटीच हसत होते, शेजारची बाई माझ्याकडे बघून सरकून बसली.

पण त्याच आलेखात आणखी एक टेकाड होतं. अगदी लहान, टोकदार. त्याचा दोन्ही ताऱ्यांशी काही संबंध दिसेना. ते ऑक्टोबरात एका बाजूला होतं आणि महिन्यागणिक सावकाश सरकत मार्च महिन्यात दुसऱ्या बाजूला गेलं. मी सरांना दाखवलं. त्यांनी महिन्यामहिन्याचे आलेख ओळीनं मांडले. मग म्हणाले, "तिसरा आहे गं हा." या दोघांच्या लांबून फिरणारा, आजवर कुणाला न दिसलेला तिसरा तारा. त्यांचा आवाज बदलला होता. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेल्या माणसाला, जन्मभर दुसऱ्यांचे शोध फळ्यावर लिहीत आलेल्या माणसाला, स्वतःचं असं काही सापडल्याचा तो आवाज होता. मलाही आनंद झाला. मी काही तेव्हा शहाणी होते असं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात ते टेकाड पुन्हा ऑक्टोबरात पहिल्या जागी हजर. सरांनी कक्षा मांडली, फेरा एका वर्षाचा निघाला. नेमकं एक वर्ष! इथंच माझ्या दाताखाली खडा लागायला हवा होता. लागला नाही. सर इतके खुशीत होते की त्यांनी वाट बघितली नाही. विद्यानगरात एका सभागृहात त्यांचं व्याख्यान ठरलं. आपल्या मराठी मंडळींपैकी झाडून सगळे आले होते, वकील, शिक्षक, निवृत्त मामलेदार. अध्यक्षांनी कानडीतून सुरुवात केली, मराठीत आले, परत कानडीत गेले, आणि शेवटी सरांच्या खांद्यावर शाल घातली. दुसऱ्या दिवशी कानडी वर्तमानपत्रात फोटोसकट बातमी आली, धारवाडच्या संशोधकाला नवा तारा सापडला म्हणून. काकूंनी ते कात्रण देवघराच्या शेजारी चिकटवलं. सभागृहात दिवे मंद करून चित्रं सरकवायला मी होते. व्याख्यानात माझा उल्लेख 'आमच्या मुलांनी कष्ट घेतले' एवढा झाला.

त्यानंतर काही आठवड्यांनी सकाळी मी लेखासाठी तक्ता करत होते. तक्त्यात एक रकाना दुरुस्तीचा असतो. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती पळते आहे, म्हणून ताऱ्याचा वेग काढताना आपल्या पळण्याचा हिशेब त्यात धरावा लागतो. हा हिशेब रोज वेगळा आणि वर्षानं तोच. सवयीप्रमाणे तक्ता कागदावर छापला, पट्टी ठेवून ओळ ओळ तपासायला लागले. त्या दिवशी दुरुस्तीचा रकाना चुकून तिसऱ्या ताऱ्याच्या वेगाशेजारी आला होता. पहिली ओळ, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. दुसरी ओळ, सारखे. तिसरी. मी पट्टी खाली खाली नेत गेले. दोन हिवाळ्यांच्या सगळ्या ओळी तशाच, सेकंदाला एखाद्या किलोमीटरच्या फरकानं.

तिसरा तारा नव्हताच. आमच्या रात्री चांदण्याच्या होत्या, आमचा तारा फिकट होता, आणि दुर्बिणीतून उजेड ज्या एका बारीक काचतंतूतून यंत्रात उतरतो त्यात ताऱ्याबरोबर भोवतालचं थोडं आकाशही शिरत होतं. त्या आकाशात चंद्राचा उजेड. चंद्राचा उजेड म्हणजे सूर्याचाच, परत फेकलेला, सूर्याच्या रेषांसकट. आमचा नमुनाही सूर्यासारख्या ताऱ्याचा, म्हणून तो तिथे चपखल बसत होता. तो उजेड जागचा हलत नव्हता. आम्हीच त्याच्यावर पृथ्वीच्या पळण्याची दुरुस्ती चढवून त्याला हलवत होतो. आम्ही शोधलेला तारा आपला सूर्य होता आणि त्याची वर्षाची कक्षा आपल्या पृथ्वीची होती. खात्रीसाठी मी एक जुना वर्णपट काढला. पौर्णिमा उलटल्यावर, चंद्र उगवायच्या आधीच्या तासाभरात घेतलेला होता तो. त्यात तिसरं टेकाड नव्हतं. सरांनी तो खराब म्हणून बाजूला ठेवायला सांगितला होता.

मी काय केलं असेल? जे आमच्याकडे करतात तेच. दारात उभी राहिले, येऊ का म्हटलं, आत जाऊन दार लोटलं आणि पेन्सिलीच्या खुणा केलेला तो एकुलता कागद सरांच्या टेबलावर ठेवून उभ्यानं सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, परत घातला, पट्टी मागितली. पहिल्या पाच ओळींतच त्यांना कळलं होतं. त्यांचा चेहरा मी पाहिला आहे, त्यामुळे त्यांना कळलं नव्हतं असं मला कुणी सांगू नये.

"कुणाला बोललीस?" त्यांनी विचारलं.

"नाही, सर."

"बोलू नको. मी बघतो."

कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. त्या दिवशी जेवताना ते नेहमीपेक्षा जास्त बोलत होते. काकूंनी मला झुणका वाढला आणि मी खाल्ला.

दोन महिन्यांनी लेख छापून आला. तिसरा तारा जागच्या जागी, वर्षाच्या कक्षेसह. चंद्र नसतानाचा वर्णपट गायब. दुरुस्तीचा रकानाच छापलेला नव्हता. लेखकांत सर आणि त्यांचे बाहेरगावचे एक मित्र, ज्यांनी या ताऱ्याची एक रेषही मोजली नव्हती. माझं नाव शेवटी आभारात, संगणकाची देखभाल करणाऱ्या अण्णांच्या नावाच्या खाली. मी पुन्हा दारात उभी राहिले. सर म्हणाले, तुझं ते मी पाहिलं, तसं नाहीये ते, तुला अजून अनुभव कमी आहे. हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मी परत फिरले. माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती. मी घाबरले, दुसरं काही नाही, आणि त्या घाबरण्याला पुढे मी आदर, संस्कार, गुरुऋण अशी बरीच नावं दिली.

विज्ञानात झाकली मूठ फार दिवस झाकलेली राहत नाही. वर्षभरात परदेशातल्या एका तरुण संशोधकानं दीड पानाचं टिपण छापलं. त्याला आमचे आकडे आणि पृथ्वीचं पंचांग एवढंच लागलं. तिसऱ्या ताऱ्याची कक्षा म्हणजे पृथ्वीची कक्षा, आणि त्याचा उजेड म्हणजे चांदणं, असं त्यानं सरळ लिहिलं. त्याच टिपणाच्या शेवटी त्यानं असंही म्हटलं होतं की जोडीतल्या मंद ताऱ्याचे वेग मात्र अचूक आहेत. ते वेग माझे होते. ते वाक्य कुणी वाचलं नाही.

सरांना उत्तर देणं भाग होतं. त्यांनी दुरुस्तीपत्र पाठवलं, तेही मी छापून आल्यावरच पाहिलं. त्याच्या पहिल्याच वाक्यात माझं नाव होतं, आद्याक्षरांसकट, पूर्ण. नोंदींवरची प्रक्रिया या विद्यार्थिनीनं केली होती, आकाशाचा उजेड वजा करायचा तिच्याकडून राहून गेला, लेखक दिलगीर आहेत. शोधाच्या लेखात मी आभारात होते आणि चुकीच्या लेखात मथळ्याखालीच. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले, पण फासाची गाठ शिकवणाऱ्याच्याच हातची असते हे मला ठाऊक नव्हतं.

या वेळी मी दार लोटलं नाही. उघड्या दारात विचारलं, की सर, हे काय? तेच उठून आले आणि त्यांनी दार लावलं. मग खुर्चीत बसून, समजावणीच्या सुरात, अगदी घरच्या माणसासारखं बोलले.

"हे बघ, तू लहान आहेस. तुझी चूक लोक विसरतील. माझी कोण विसरणार? मला वर्ष राहिलंय."

मी त्यांना म्हणायला हवं होतं की माझी चूक विसरतील असं म्हणताय, ती माझी कुठाय? ते वाक्य मला रायापूरच्या थांब्यावर उतरल्यावर सुचलं.

प्रबंध पास झाला, तिसऱ्या ताऱ्याचं प्रकरण वगळून. पदवी मिळाली. विद्यानगरातल्या एका महाविद्यालयात शिकवायला लागले आणि अजून तिथेच आहे. पहिल्या वर्षाच्या पोरांना लोलकातून सोडियमच्या दिव्याच्या दोन पिवळ्या रेषा दाखवते. दोन आहेत, एक नाही, नीट बघा, असं दर जुलैत साठ वेळा म्हणते. त्यातली दहा-बारा पोरं खरंच बघतात, बाकीची शेजारच्याच्या वहीत बघतात. काम वाईट नाही. पण मला संशोधन करायचं होतं, स्वतःचे विद्यार्थी हवे होते, आणि त्यासाठी मार्गदर्शक म्हणून मान्यता लागते. ती देणाऱ्या समितीपुढे मी दोनदा बसले. दोन्ही वेळा कुणीतरी ते दुरुस्तीपत्र काढलं. पहिल्या वेळी एक गृहस्थ हसून म्हणाले, मॅडम, आता चंद्र असला की तुम्ही काळजी घेत असाल. सगळे हसले. मीही हसले, याची मला अजून लाज वाटते.

दुसऱ्या वेळी अध्यक्ष जरा माणुसकीचे होते. माझं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, याला पुरावा काय? मेल असेल, टिपण असेल, काहीतरी. मी म्हटलं, आमच्याकडे सरांना मेल करायची पद्धत नव्हती. त्यांना ते समजेचना. मग म्हणाले, तुमच्या मार्गदर्शकांकडून एक ओळ आणा, की तुम्ही छापायच्या आधी त्यांच्या लक्षात आणून दिलं होतं. एक ओळ पुरे.

एका ओळीसाठी मी सरांच्या घरी जायला लागले. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती आणि हृदयाच्या दुखण्यानं ते घराबाहेर पडत नव्हते. दिवाणखान्यात दिवसभर आरामखुर्ची. मी येऊन विषय काढला तेव्हा ते जराही चिडले नाहीत. हो, हो, तुझ्या करिअरचा प्रश्न आहे, तूच लिहून आण, मी सही करतो, असं म्हणाले. काकू चहा ठेवून आत गेल्या आणि जाताना दार ओढून घेतलं.

मी ओळ लिहून नेली. लेख प्रसिद्ध होण्यापूर्वी या विद्यार्थिनीने तिसरा तारा हा चंद्रप्रकाशाचा परिणाम असल्याचे मला दाखवून दिले होते, आणि तरीही लेख पाठवण्याचा निर्णय माझा होता. सरांनी पेन्सिल मागितली. वाक्याचा उत्तरार्ध खोडला आणि म्हणाले, हे कशाला, विषय तुझा आहे, माझा नाही. ठीक आहे म्हटलं. पुढच्या खेपेला स्वच्छ प्रत नेली तर त्यांना 'दाखवून दिले' हे उद्धट वाटलं. शंका व्यक्त केली म्हण, तुलाच शोभेल. तेही मान्य केलं. तिसऱ्या खेपेला 'प्रसिद्ध होण्यापूर्वी' अडलं. तारीख मला नेमकी आठवत नाही, म्हणाले, खोटं कशाला लिहायचं? तिथे 'संशोधनाच्या काळात' आलं. ज्या माणसानं मला एकेक रेष पट्टीनं मोजायला शिकवलं तो माझी ओळ त्याच हातानं बोट बोट कापत होता, आणि मी दर वेळी हो म्हणत होते. वाटायचं, उरेल तेवढं तरी पदरात पडेल.

चौथ्या खेपेला त्यांनी कागद वाचला, मान हलवली, चंद्रप्रकाशाचा उल्लेख खोडला आणि 'शंका व्यक्त केली' याच्या जागी 'वेळोवेळी शंका विचारल्या' लिहिलं. आता वाक्य असं झालं: संशोधनाच्या काळात या विद्यार्थिनीने मला वेळोवेळी शंका विचारल्या. वर त्यांनी स्वतःहून एक वाक्य जोडलं, की ती मनमिळाऊ व कष्टाळू आहे. मग खुर्चीच्या हातावर कागद ठेवून ते सही करायला वाकले. मी कागद काढून घेतला.

"सही नको?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

"नको, सर."

मी उठले, चपला घातल्या आणि निघाले. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, जेवून जाणार ना? मी पायऱ्या उतरत होते, ऐकू आलं नाही असं दाखवलं. नंतर बरेच दिवस मनात होतं की पहिली पूर्ण ओळ घेऊन परत जायचं आणि या वेळी एकही अक्षर बदलू द्यायचं नाही. परीक्षा आल्या, प्रात्यक्षिकांच्या वह्या आल्या, मी आज उद्या करत राहिले. आणि एका सकाळी विभागातल्या संगणकवाल्या अण्णांचा फोन आला की सर गेले.

मला रडू आलं. ते कशाचं होतं हे मी आजही नक्की सांगू शकत नाही. माणूस गेला याचं होतं, आणि ती ओळही त्याच्याबरोबर गेली याचंही होतं. दुसरं जास्त होतं, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

गोडाच्या जेवणाला काकूंनी मुद्दाम फोन करून बोलावलं. घरच्या पोरीनं यायलाच हवं, म्हणाल्या. माणसं बाहेर जमली होती, सरांच्या तिसऱ्या ताऱ्याबद्दल बोलत होती. आमच्या गावात तो अजून आहे. दुरुस्तीपत्र परदेशी नियतकालिकात छापलं, कानडी वर्तमानपत्रात नाही. काकूंनी मला आत बोलावलं, देवघराजवळच्या चटईवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. पंधरा दिवसांत त्या निम्म्या झाल्या होत्या.

"शेवटी शेवटी तू यायचीस की गं, एवढी रायापूरहून, त्यांची माफी मागायला," त्या म्हणाल्या. "मला सगळं ठाऊक आहे. तू गेलीस की ते सांगायचे, पोरीच्या मनाला फार लागलंय, चूक झाली म्हणून झुरतीय. त्यांनी तुझी चूक पोटात घातली बघ. बाहेर कुणाला एका शब्दानं बोलले नाहीत."

मला आधी काही कळेचना. मग कळलं. त्या बंद दाराआड मी दर खेपेला माझ्या हक्काची एक ओळ मागत होते, आणि दाराच्या अलीकडे, याच घरात, मी दर खेपेला त्यांच्या पाया पडून गेले होते.

"काकू, मी माफी मागायला येत नव्हते," मी म्हटलं.

आणि मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. चांदण्या रात्री, काचतंतू, दोन रकाने, पेन्सिलीच्या खुणांचा कागद, मी बघतो म्हणाले ते, दुरुस्तीपत्रातलं पहिलं वाक्य, ती ओळ कशी कशी लहान होत गेली ते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी ते कुणापुढे बसून, सलग, न घाबरता सांगत होते, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात येत होतं की बाईचा नवरा जाऊन पंधरा दिवस झालेत. तरी मी थांबले नाही. काकूंनी एकदाही मध्ये तोडलं नाही. त्या मान हलवत होत्या. फुटलेल्या बशीबद्दल पोर काहीबाही सांगत असलं की आई ऐकून घेते, तसं त्या ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांत माया होती, आणि माझ्या शब्दावर विश्वास तिळमात्र नव्हता.

माझं बोलून झालं तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला.

"बिडु गं, सोड आता," त्या कानडी मिसळून म्हणाल्या. "ते गेले, आता कुणाला पटवायचंय तुला? चुका होतात माणसाकडनं. त्यांनी तुला कधीच माफ केलंय. सुखानं जेव."

त्यांनी माझं पान स्वतः वाढलं आणि मी त्यांच्या शेजारी बसून जेवले.